नाईट्स ऑफ कोलंबसच्या सभासदाच्या मुलीला महाविद्यालयासाठी शिष्यवृत्ती मिळू शकते का?

ताई, तुमचे यजमान न्यू जर्सीतील आपल्या धर्मग्रामात नाईट्स ऑफ कोलंबस या कॅथलिक पुरुषांच्या सेवाभावी संघटनेचे सभासद आहेत, मुलगी यंदा बारावीला आहे आणि तिच्या पुढील शिक्षणासाठी संघटना काही मदत करते का, असे तुम्ही विचारले आहे. मी मूळचा वसईचा आणि इथल्या एका कौन्सिलचा, म्हणजे संघटनेच्या स्थानिक शाखेचा, सभासद असल्यामुळे मुलांना हे अर्ज भरायला मदत करत असतो. त्या अनुभवावरून सांगतो की मदत मिळू शकते, परंतु मुलगी कोणते महाविद्यालय निवडते यावर बरेच काही ठरते.

संघटनेच्या मुख्यालयाची जी शिष्यवृत्ती बहुतेक मुले मागतात, ती जॉन मॅकडेव्हिट यांच्या नावाची आहे. सभासदाच्या पत्नीला, मुलाला किंवा मुलीला ती मिळू शकते, सभासद हयात नसला तरीही. मात्र प्रवेश पहिल्या वर्षाचा आणि अमेरिकेतील कॅथलिक महाविद्यालयात असावा लागतो. रक्कम वर्षाला १,५०० डॉलर असून प्रगती समाधानकारक राहिल्यास ती चार वर्षांपर्यंत चालू राहते. खासगी महाविद्यालयाच्या फीपुढे ही रक्कम थोडी वाटेल, पण चार वर्षांचे मिळून ६,००० डॉलर होतात, आणि तेवढे कर्ज मुलीच्या डोक्यावरून उतरते. ती राज्याच्या सरकारी विद्यापीठात जाणार असेल, तर या शिष्यवृत्तीवर विसंबू नका.

लष्करी सेवेत युद्धात, किंवा पोलीस वा अग्निशमन दलात कर्तव्य बजावताना मरण पावलेल्या अथवा कायमचे अपंग झालेल्या सभासदांच्या मुलांसाठी १९४४ पासून वेगळा निधी आहे. धर्मगुरू होण्यासाठी सेमिनरीत शिकणाऱ्यांसाठीही स्वतंत्र योजना आहेत.

शिक्षणाला मदत करणे हे या संघटनेने मागाहून अंगावर घेतलेले काम नाही, हे मला मनापासून महत्त्वाचे वाटते. फादर मायकल मॅकगिव्हनी सेमिनरीत शिकत असताना १८७३ मध्ये त्यांचे वडील वारले आणि शिक्षण अर्ध्यावर सोडून त्यांना घरी परतावे लागले. पुढे त्यांनी ते पूर्ण केले, धर्मगुरू झाले आणि कर्ता पुरुष गेल्यावर कुटुंब उघड्यावर पडू नये म्हणून १८८२ मध्ये न्यू हेवन येथे ही संघटना उभी केली. १९१४ मध्ये याच सभासदांनी वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठाला पाच लाख डॉलर दिले, ते पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठीच.

मुख्यालयाच्या शिष्यवृत्तीसाठी देशभरातून अर्ज येतात आणि गुणवत्ता काटेकोरपणे पाहिली जाते, म्हणून तेवढ्यावरच थांबू नका. अनेक स्थानिक कौन्सिले आणि राज्य शाखा आपापल्या शिष्यवृत्त्या देतात. त्यांची रक्कम लहान असते, पण स्पर्धा कमी असते, आणि काही ठिकाणी सरकारी महाविद्यालयात जाणारी मुलेही अर्ज करू शकतात. यजमानांनी येत्या बैठकीत ग्रँड नाईटना, म्हणजे कौन्सिलच्या प्रमुखांना, याबद्दल थेट विचारावे.

सभासदत्व चालू असणे ही मूळ अट आहे. वार्षिक वर्गणी थकली असेल तर ती आधी भरून टाका, कारण चांगल्या गुणांचा अर्जही एवढ्यावरून अडू शकतो. यजमानांच्या सभासद कार्डावरील सभासद क्रमांक आणि कौन्सिल क्रमांक अर्जात जसेच्या तसे लिहा. शाळेची गुणपत्रिका आणि शिफारसपत्रे मात्र नाताळच्या सुट्टीआधी मागून ठेवा. सुट्टीनंतर शाळेत सगळ्यांचीच धांदल असते आणि पत्र हाती यायला बराच वेळ लागतो.