धामणीच्या लाकडाचं धनुष्य खानापुरात पावसाळ्यात वाक धरून बसतं, वरून काय लावावं?

दोष धामणीचा नाही, ओलाव्याचा. ओलं लाकूड ताणलं की पोटाकडचे, म्हणजे तुमच्या तोंडाकडचे तंतू दबतात आणि परत फुलत नाहीत. आधी दोरी उतरवा. दांडा सावलीत, कोरड्या खोलीत आडवा ठेवा आणि आठवड्याला एकदा किचनच्या काट्यावर तोला. वजन उतरायचं थांबेपर्यंत पॉलिश नको. भर पावसात ते लवकर थांबेल, पण आत ओल असेलच. म्हणून हे काम मार्च-एप्रिलातच करा.

मुठीच्या वरची आणि खालची बाजू सारखी वाकते ना, तेही आधीच बघा, नाहीतर नंतर तासताना पॉलिश वाया. कडा गोल करा, मग 120 आणि 220 चा पॉलिश पेपर लाकडाच्या रेषेच्या दिशेने. पाठीवर, म्हणजे तुमच्यापासून लांबच्या बाजूवर जपून, तिथले तंतू कापले की चीर तिथूनच सुटते.

नुसतं जवसाचं तेल दिसायला झकास, पण हवेतली ओल अडवत नाही. लाखेच्या स्पिरिट पॉलिशचे पातळ 5-6 हात द्या, मधूनमधून 320 ने हलकं घासा. दोरीच्या खाचांत लाकडाची तोंडं उघडी असतात, तिथे एक हात जास्तच.

आणि काम झालं की दोरी रोज उतरवायची. चढवून ठेवलेलं धनुष्य कुठलंही पॉलिश वाचवत नाही.