अबोली रंग नेमका कोणता?

प्रश्न असा आहे: मावशींनी लग्नाच्या यादीत 'अबोली साडी' लिहिली आहे, दुकानदार पीच काढून दाखवतो, आणि सासूबाई म्हणतात हा तर फिका केशरी. खरं कोणाचं?

दोघांचंही नाही. अबोली नारिंगी आणि गुलाबी यांच्या मधे बसते, वर दुधाचा थेंब पडल्यासारखी. पीचमधे पांढरा फार, म्हणून तो फिकुटतो. केशरीत गुलाबी छटा नसते. गजऱ्यातलं एक फूल सोडवून तळहातावर घ्या. खाली बारीक, लांब, फिकट देठासारखी नळी आणि वर एकाच बाजूला पंख्यासारखी उघडलेली पातळ पाकळी. साडीला नाव दिलंय ते त्या पाकळीच्या रंगाचं. आता पिवळी आणि लालसर अबोलीही लावतात, पण रंगाचं नाव जुन्या अबोलीलाच चिकटलेलं आहे.

वास नाही म्हणून 'न बोलणारी' ती अबोली, अशी फोड सांगतात. मला पटते. गंमत म्हणजे हिची वाळलेली बोंडं पाण्यात टाकली की तडतड फुटतात. इतकी काही अबोल नाही!

वापराबद्दल एक. रंग म्हणून आला की शब्द बदलत नाही. पिवळा फेटा, पिवळी साडी, पिवळे खण. पण अबोली फेटा, अबोली साडी, अबोली खण. साड्या चार घेतल्या तरी 'अबोल्या साड्या' होत नाहीत. आमसुली, मोरपंखी, डाळिंबी यांचंही तसंच. फूल म्हटलं की मात्र विभक्ती लागते: अबोलीचा गजरा, अबोलीची वेणी. त्यामुळे 'अबोलीची साडी' म्हणालात तर ऐकणारा फुलांनी मढवलेली साडी डोळ्यासमोर आणेल. 'अबोली रंगाची' म्हणा, नाहीतर नुसतं 'अबोली'.

हा शब्द फक्त बायकांच्या कपाटातला, असंही कोणी समजू नये. २०१६ साली राज्य सरकारने महिला चालकांच्या रिक्षांसाठी हाच रंग ठरवला, आणि ठाण्यात 'अबोली रिक्षा' हे नाव रूढ झालं. रस्त्यावरच्या उन्हापावसात त्या रिक्षांचा रंग कुठे विटका, कुठे भडक दिसतो, तेव्हा साडी निवडायला तो नमुना धरू नका.

दुकानात जाताना एक ताजा गजरा घेऊन जा. पदर दाराशी, उजेडात आणायला सांगा आणि गजरा त्यावर ठेवून बघा. ट्यूबलाइटखाली पीचसुद्धा अबोली वाटतो.