'हायपो' आणि 'हायपर' ऐकायला सारखेच वाटतात. त्यांत गोंधळ झाला तर खरंच काही बिघडतं का?

बिघडतं. 'हायपो' म्हणजे खाली किंवा कमी, 'हायपर' म्हणजे वर किंवा जास्त. दोन्ही ग्रीक.

आमच्याकडे अमळनेर तालुक्यात, दिवाळीनंतर घरी कापसाचं माप चालू होतं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सकाळी इन्सुलिन घेतलं आणि व्यापाऱ्याच्या काट्यापाशी जाऊन बसले. न्याहारी तशीच राहिली. थोड्या वेळाने त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, गाठोड्यांचे आकडे चुकायला लागले. जिभाऊंनी, माझ्या थोरल्या चुलतभावाने, जुनी फाइल काढली. तीत 'हायपोग्लायसेमिया', म्हणजे रक्तातली साखर कमी होणं, असं लिहिलेलं. आबांना बीपीही आहे, त्याला डॉक्टर 'हायपरटेन्शन' म्हणतात, म्हणून जिभाऊंनी हेही वाढण्यातच धरलं. "शुगर वाढनी शे, गोड काहीच दिऊ नका!" मी शुगर तपासायचं मशीन लावलं तर 52. सत्तरच्या खाली गेली की हायपो. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी परत तपासली, मग जेवायला बसवलं.

मी शाळेत विज्ञान शिकवते, शब्द फोडून शिकवते. जिभाऊंचं म्हणणं, "पोरांकडून अर्थ पाठ करून घे, ही ग्रीक भानगड पेपरात येत नाही." नाही येत. पण पाठ केलेलं ऐन वेळी दगा देतं. कर्णाला हायपोटेन्यूज म्हणतात, कारण तो काटकोनाखाली ताणलेला असतो. हायपोडर्मिक सुई कातडीखाली जाते. हे एकदा कळलं की अनोळखी शब्दही निम्मा उलगडतो. आणि लक्षात ठेवायची सोय आपल्याच घरात आहे: 'हायपो' आणि संस्कृत 'उप' एकाच मुळाचे, तसेच 'हायपर' आणि 'उपरि'. उपसरपंच सरपंचाच्या खाली, उपर्युक्त म्हणजे वर सांगितलेलं.

अर्थात हायपो म्हणजे दर वेळी 'कमी' नव्हे, मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये तो नुसता 'खाली' आहे, थॅलॅमस नावाच्या भागाच्या खाली. आणि पेशंट शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

जिभाऊ अजून म्हणतात, आबा आपोआप सावरले असते. अंगात इन्सुलिन आणि पोट रिकामं असताना त्या भरवशावर कुणी बसू नये. घरात कुणी इन्सुलिन घेत असेल तर फाइलवर 'हायपो'शेजारी 'साखर कमी, गोड द्या' असं ठळक मराठीत लिहून ठेवा. आबांच्या फाइलवर मी ते जिभाऊंच्या देखतच लिहिलं.