कलम ६६अ रद्द झालंय ना, मग त्याखाली गुन्हे कसे दाखल होत राहिले?

कोर्टाने कलम रद्द केलं म्हणून ते पुस्तकातून पुसलं जात नाही हो. आयटी ॲक्टचं ६६अ, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर टाकणं गुन्हा ठरवणारं कलम, सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल केसमध्ये रद्द केलं, पण छापील कायद्यात ते तसंच राहिलं आणि रद्द झाल्याची नोंद खाली तळटीपेत, एफआयआर लिहिताना ती कोण बघतं, हे खुद्द ॲटर्नी जनरलनीच, म्हणजे केंद्र सरकारच्या सर्वोच्च वकिलांनी, २०२१ मध्ये कोर्टात सांगितलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये कोर्टाला परत बजावावं लागलं की या कलमाखाली कुणावर खटला चालवू नका. याच कलमावरून गाजलेली केस म्हणजे पालघरच्या दोन मुलींना २०१२ मध्ये अटक झाली, एकीने मुंबई बंदवर फेसबुक पोस्ट टाकलेली, दुसरीने फक्त लाइक केलेलं, मला अजून राग येतो त्याचा. तुमच्यावर लावलं असेल तर वकिलाला निकाल दाखवून ते कलम काढायला लावा, बाकीची कलमं मात्र वेगळी लढावी लागतील.