चकल्या नुसत्याच करा

मावशी,
आम्ही साताऱ्यात राहतो. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा. दोघंही शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. निर्णय आम्हा नवरा-बायकोचा, पण दिवसभर मुलांबरोबर मीच असते. सासूबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्या कधी काही बोलल्या नाहीत. पण गौरीला नणंद आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "वहिनी, मोदक वळायचे, गड फिरायचे, याला अभ्यास म्हणायचं का?" सासूबाई गप्प बसल्या. मला ते गप्प बसणंच जास्त लागलं. तेव्हापासून मी प्रत्येक गोष्टीतून काहीतरी शिकवून घेते. भाजणीतून अपूर्णांक, पाकातून तापमान. लिंब गावच्या विहिरीवर गेलो तर २० प्रश्नांचा कागद नेला. सगळ्याचे फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकते. या दिवाळीत मुलगी म्हणाली, "आई, आज नुसत्या चकल्या करूया ना." मी तिच्यावर ओरडले आणि रात्री रडत बसले. माझं काय चुकतंय?
ता. क. हल्ली ती सारखी विचारते, शाळेतली मुलं मधल्या सुट्टीत काय करतात?
– एक आई

अगं,
लेकीनं मागितलंय ते देऊन टाक. फराळाचे डबे संपले असतील तर तुळशीच्या लग्नाला पुन्हा घाणा घाल, आणि त्या दिवशी अपूर्णांकाचं नावसुद्धा काढू नकोस.

भाजणीत गणित असतंच. चार वाट्या तांदूळ, दोन हरभऱ्याची डाळ, एक उडदाची, अर्धी मुगाची, वर धणे-जिरे. हे आमच्या घरचं माप, तुमचं वेगळं असेल. नऊ वर्षांची मुलगी वाट्या भरता भरता ते डोक्यात बसवते, आणि पुढच्या वर्षी निम्मीच भाजणी करू म्हटलंस तर मुगाची पाव वाटी तीच काढून ठेवेल. तू मध्येच सोऱ्या थांबवून "आता सांग बरं, एकूण वाट्या किती?" असं विचारलंस की तिचा हात थांबतो आणि तोंड उतरतं. मोहन कमी पडलं तर चकली कडक होते, जास्त पडलं तर तेलात गेल्या गेल्या सुटते. हे समजवून सांगत बसू नकोस, एखादा घाणा बिघडू दे. कढईपाशी तू उभी राहा, पाडायचं काम तिचं. बिघडलेला घाणा सगळ्यांनी मिळून खायचा आणि त्याचा फोटो काढायचा नाही.

धाकट्यासाठी पुढच्या वर्षी अनारसे कर. तीन दिवस तांदूळ भिजत, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत पसरून दमट असतानाच कुटायचे, गूळ घालून गोळा मुरत ठेवायचा. त्या तांदळाच्या पाण्याचा वास आला की सहा वर्षांचं पोर नाक धरून विचारणारच, हे असं का झालं? "आंबतंय" एवढंच सांग. त्यानं आणखी विचारलं तर आणखी सांग, विचारलं नाही तर तिथेच सोड. मुलांना घरी शिकवायचा सगळ्यात मोठा फायदा कोणता असेल तर तो हाच, की पुढचा प्रश्न त्यांना सुचेपर्यंत थांबायला तुझ्याकडे वेळ आहे. तोच वेळ तू गौरीपासून घाईत घालवते आहेस.

कारण तू आता शिकवत नाहीयेस, खटला लढवते आहेस. नणंद फिर्यादी, सासूबाई न्यायाधीश, आणि पुराव्याला मुलं. चकली, पाक, विहीर, सगळं त्या ग्रुपवर दाखल होतंय. ते फोटो आजपासून बंद. नणंदेला पटायचं तेव्हा पटेल, फोटो बघून तर नक्कीच पटणार नाही.

आता तुला न आवडणारं सांगते. नणंद बोलली ते कुचकट होतं, पण प्रश्न अगदीच अस्थानी नव्हता. पाढे, जोडाक्षरं, हातच्याची वजाबाकी, वाचलेला उतारा स्वतःच्या शब्दांत लिहून काढणं, हे फराळातून येत नाही आणि सहलीतूनही येत नाही. त्याला रोज बसावं लागतं, आणि ते बसणं बऱ्याचदा कंटाळवाणं असतं. तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात अशा रोजच्या बैठकीचा एका शब्दानंही उल्लेख नाही. ती होत असेल तर उत्तम. होत नसेल तर तुझ्या धास्तीचं मूळ तिथेच आहे, आणि मग प्रत्येक वाटीतून अपूर्णांक पिळून काढावासा वाटणारच.

म्हणून रोज सकाळी तास-दीड तास वही, पेन्सिल, पाटी. धाकट्याला अर्धा तास पुरे. दिवाणखान्यात बसा, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे. त्या तासाला गोड कागदात गुंडाळू नकोस, अभ्यास म्हणजे अभ्यास. तो उरकला की बाकीचा दिवस मोकळा, आणि मोकळा म्हणजे खरंच मोकळा.

या तासातला मराठीचा भाग सासूबाईंकडे दे. त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ तू ठरवून टाकलास, त्यांना विचारलं नाहीस. पाहुण्यांसमोर सुनेला आणि माहेरी आलेल्या लेकीला, दोघींनाही दुखवायचं नसेल म्हणूनही बाई गप्प बसते. दुसरंही मनात येतं. उभा जन्म त्यांनी लोकांच्या मुलांना अक्षर शिकवलं आणि घरच्या नातवंडांची पाटी कुणी त्यांच्या हातात दिली नाही. हे कुणाला लागणार नाही? आणि त्या चार भिंतींनाच शाळा समजतात असं कशावरून? त्यांच्या पिढीच्या शिक्षिकांना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ चांगल्या माहीत असतात. १९४५ साली डहाणूकडच्या बोर्डीला त्यांचं बालशिक्षणाचं काम सुरू झालं, पुढे ते कोसबाडला गेलं. आदिवासी पाड्यावरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात तेव्हा या बायकांनी बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली, आणि गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरवली. एखाद्या दुपारी चहा घेताना सासूबाईंकडे हा विषय काढून बघ. बोलतील.

त्या शिकवतील त्यांच्या पद्धतीनं. समास आखतील, शुद्धलेखन दहा वेळा लिहायला लावतील, लाल पेननं गोल करतील. तुझ्या जिवाची घालमेल होईल. होऊ दे. मूल नेमकं कुठे अडकतंय हे वहीवर नजर टाकताच ओळखायचं, ही कसबाची गोष्ट आहे, आणि ते कसब तुझ्या घरात फुकट बसून आहे. शिकवत असताना दारात उभी राहून ऐकत मात्र बसू नकोस.

आता लिंब. बारा मोटेची विहीर मुलांना दाखवलीस, छान केलंस. साताऱ्याच्या माणसानं ती एकदा तरी उतरून बघावीच, विहिरीच्या पोटात बांधलेला महाल दुसरीकडे कुठे सहजासहजी बघायला मिळणार? पण तिथे २० प्रश्नांचं काय काम? एकच घे. विहीर वीरूबाई भोसल्यांनी बांधवली, शके १६४१ ते १६४६ मध्ये. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १७१९ ते १७२४, थोरल्या शाहू महाराजांचा काळ. गंमत अशी की १६४१ हाच इसवी सन धरून लिहिणारे पुष्कळ सापडतात. लेकीला विचार, १६४१ साली शिवाजी महाराज किती वर्षांचे होते? त्यांचा जन्म १६३० चा, ते ती पटकन काढेल. अकरा वर्षांच्या मुलाचा नातू तेव्हा साताऱ्याच्या गादीवर कसा असेल, हे मग तिच्याच लक्षात येईल. मोठ्या माणसांची चूक सापडली की पोरांना जो आनंद होतो तो कुठल्या कागदावरच्या बरोबरच्या खुणेनं होत नाही.

किंवा तेही नको. नुसती मोटेची, म्हणजे बैलांनी ओढून पाणी काढायच्या चामडी पिशवीची, जागा दाखव आणि गप्प बस. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीकाठच्या उतारावरून, खाली जायचे तेव्हा मोट वर यायची, हे कळतं. मग रिकामी मोट खाली सोडताना बैल परत वर कसे यायचे? तसेच, मागे मागे पावलं टाकत. हे स्वतः मोट हाकलेला एखादा म्हातारा शेतकरी आजूबाजूच्या गावात अजून भेटेल. त्याच्याशी मुलांना बोलू दे. तू खाली पायरीवर बसून शेंगा खा.

सगळ्यात महत्त्वाचं तू ता. क. मध्ये ढकललंस. मुलगी मधल्या सुट्टीबद्दल विचारते म्हणजे तिला बहुधा डबा वाटून खायला आणि भांडायला मुलं हवी आहेत. हा तुझा पराभव समजू नकोस आणि "शाळेत नुसती घोकंपट्टी असते" असलं उत्तर देऊन तिचं तोंड बंद करू नकोस. आधी संध्याकाळी रोज तीच ती मुलं भेटतील असं मैदान शोध. सासूबाईंच्या जुन्या शाळेत थंडीत स्नेहसंमेलन असेल, आजीबरोबर जाऊन येऊ दे. बघून आल्यावर "मला जायचंय" म्हणाली तर जाऊ दे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे कधीच शाळेत न गेलेल्या मुलालाही वयानुसार वर्गात प्रवेश मिळतो, ते दार उघडं आहे.

त्याच कायद्याचं कलम १० मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य मानतं, हेही माहीत असू दे. तसं न करणाऱ्या पालकाला शिक्षा मात्र कायद्यात सांगितलेली नाही. घरी शिकूनही १४ पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी देता येते, आणि राज्य मंडळाची दहावी बाहेरून द्यायची तर १७ नंबरचा फॉर्म आहे. त्याच्या अटी जवळच्या शाळेत आधीच विचारून ठेव. नणंदेनं पुन्हा विचारलं तर एवढं शांतपणे सांगायला पुरे.

पण तिला उत्तर तू का द्यायचं? निर्णय दोघांचा म्हणतेस, आणि तुझा नवरा एका वाक्यात उगवून मावळला. त्याची सख्खी बहीण बोलत होती तेव्हा तो काय करत होता ते तू लिहिलं नाहीस. मोदक खात असावा. बहिणीशी बोलणं त्याचं काम, हे त्याला सांग. आणि रविवारचा सकाळचा तास त्याचा. त्या वेळी तू घरात थांबू नकोस. मंडईत जा, मैत्रिणीकडे जा, आपल्या साताऱ्यातल्या 'चार भिंती'च्या टेकडीवर एकटी चालून ये. त्यानं हातच्याची वजाबाकी चुकीची शिकवली तर सोमवारी सासूबाई बघून घेतील.
– मावशी