डावा कोपरा, डावी मान

"मॅडम, हिची कबड्डी बंद करू का? तेवढंच सांगा."

प्रभादेवीहून मुलीला घेऊन माझ्याकडे आलेल्या आईने खुर्चीत टेकायच्या आधीच विचारलं. मुलगी नववीतली, वय १४, मंडळाच्या संघात डावा कोपरा सांभाळणारी. आठवड्यापूर्वी एका सामन्यात तिच्या शेजारच्या मुलीच्या कानशिलावर चढाई करणारीचा गुडघा बसला. मार बसलेली उठली, सामना पुरा खेळली आणि रात्री तिला उलट्या सुरू झाल्या. कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा, हा शब्द या मायलेकींनी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

मुलीने उपायही शोधून ठेवला होता: मान बळकट करायची. मोबाईलवर बघून ती कुस्तीतला मानेचा पूल करायला लागली होती: टाळू गादीवर, कंबर वर, सगळा भार मानेवर. सहा दिवसांत मान आखडली. हाताला मुंग्या येतात का, बोटांतला जोर कमी वाटतो का, हे आधी विचारलं. तसं असतं तर व्यायामाची गोष्टच काढली नसती, आधी डॉक्टरांकडे पाठवलं असतं. पूल तेवढा कायमचा बंद केला. वाकलेल्या मानेवर अंगाचा भार टाकणं या वयात नकोच. आखडलेली मान चार दिवसांत मोकळी झाली.

आईची दुसरी शंका हळू आवाजात आली: "मान जाड नाही ना होणार हिची?" या व्यायामांनी स्नायूंना जोर येतो, मुलीची मान पहिलवानासारखी होत नाही. उंचीही खुंटत नाही.

मानेचा आणि मेंदूचा संबंध असा. डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं. धक्का बसला की ते झटक्यात वळतं, आत द्रवात असलेला मेंदू मागे राहतो आणि पिळवटतो. धक्क्याच्या क्षणी मान आधीच ताठ असेल तर डोकं धडाशी बांधल्यासारखं राहतं आणि झटका कमी होतो. अमेरिकेत ६,७०४ शालेय खेळाडूंच्या मानेची ताकद मोजून २०१४ साली निष्कर्ष छापले गेले: मानेच्या ताकदीतल्या दर एका जास्तीच्या पौंडामागे, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅममागे, कन्कशनची शक्यता ५ टक्क्यांनी कमी दिसली. ती मुलं फुटबॉल (सॉकर), बास्केटबॉल आणि लॅक्रॉस खेळणारी होती, कबड्डी नव्हे. आणि हा आढळलेला संबंध आहे, हमी नाही. इंग्लंडमधल्या शाळांत रग्बीपूर्वीचा एक व्यायामक्रम आठवड्यातून किमान तीनदा करणाऱ्या संघांत कन्कशन ५९ टक्क्यांनी कमी आढळलं (२०१७), पण त्यात मानेसोबत तोल सांभाळणं आणि उडी मारून नीट उतरणंही होतं. म्हणून 'कन्कशनप्रूफ' म्हणून विकल्या जाणाऱ्या पट्ट्यांवर पैसे घालवू नयेत.

आता मोजमाप. प्रवासाची बॅग तोलायचा हूकवाला काटा यासाठी पुरतो. कपाळाभोवती रुंद पट्टा, पट्ट्याला काटा, काटा खिडकीच्या गजाला. पाठ ताठ ठेवून तीन सेकंद हळूहळू जोर वाढवायचा, झटका द्यायचा नाही. हिचे आकडे: पुढे ६ किलो, मागे ९, उजवीकडे ७, डावीकडे ५. डाव्या कोपऱ्यात उभी राहून ती सतत उजवीकडे बघते, त्यामुळे हा फरक पडला असेल; नक्की सांगता येत नाही. कामाला लागायला आकडा पुरेसा होता.

पहिले दोन आठवडे फक्त हनुवटी. उताणं झोपायचं, उशी नको. 'हो' म्हणताना हलते तेवढीच हनुवटी आत घ्यायची, १० सेकंद, १० वेळा. ते जमल्यावर हनुवटी आत ठेवूनच डोकं दोन बोटं उचलायचं. इथे सगळ्यांचंच चुकतं. आठव्या सेकंदाला हिची मान थरथरली, हनुवटी छताकडे निघाली आणि गळ्याच्या बाजूचे दोन स्नायू दोरीसारखे ताणले. हनुवटी सुटली की आतले स्नायू थकलेले असतात आणि बाहेरचे ओढून नेत असतात. थांबायचं ते तिथेच, मनात ठरवलेल्या आकड्यावर नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून तळहात कपाळावर, मग डोक्यामागे, मग दोन्ही बाजूंना. हात ढकलेल, डोकं हलणार नाही. निम्म्या जोराने ६ सेकंद, प्रत्येक दिशेला ५ वेळा, डावीकडे दोन जास्त. श्वास रोखायचा नाही. मोठ्याने आकडे मोजले की आपोआप रोखला जात नाही. आठवड्यातून तीन दिवस, सरावाआधी अंग गरम झाल्यावर, आठ-दहा मिनिटं. सहाव्या आठवड्यापासून रबरी पट्टा आणि जोडीदाराचे हलके, न सांगता दिलेले धक्के, कारण मैदानात धक्का सांगून येत नाही. सोबत खांदे उचलणं आणि पालथं झोपून हात मागे नेणंही दिलं. मानेचा पाया पाठीतच आहे.

तिच्या प्रशिक्षकांशीही बोलणं झालं. घोटा पकडायला झेपताना ती डोकं खाली घालून डोळे मिटायची, म्हणजे टाळू सरळ गुडघ्याच्या वाटेत. आता नजर घोट्यावर, डोकं पायाच्या बाहेरच्या अंगाला. आणि हात धरून बचाव करणाऱ्या साखळीतल्या दोघी एकाच वेळी घुसतात तेव्हा एकीने ओरडून सांगायचं. माझ्या मते निम्मं काम इथेच झालं.

आठव्या आठवड्यात डावी बाजू साडेसहा किलोवर आली. दहाव्यात सरावात साखळीतच दोघींची डोकी आपटली. ही दिसायला ठीक होती, पण "डोकं जड वाटतंय" म्हणत स्वतःच बाहेर आली. त्या दिवशी खेळ बंद. वाढती डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, झटके, दोन-दोन दिसणं, हातपाय लुळे पडणं, बरळणं किंवा मान दुखणं, यातलं काही दिसलं तर थेट इस्पितळ, हे आईला पाठ होतं. तसं काही झालं नाही. डॉक्टरांनी कन्कशनच सांगितलं. दोन दिवस बेताची विश्रांती, मोबाईल कमी, घरातल्या घरात चालणं. मग आधी पूर्ण शाळा. नंतर टप्पे: हलका व्यायाम, धावणं, धक्क्याविना सराव, डॉक्टरांच्या परवानगीने पूर्ण सराव, शेवटी सामना. एका टप्प्याला किमान २४ तास. धावण्याच्या दिवशी डोकं पुन्हा ठणकलं, तेव्हा एक पायरी मागे. अठराव्या दिवशी ती सामना खेळली.

मानेचे व्यायाम कधी सुरू करायचे, असं यावेळी आईनेच फोनवर विचारलं. पूर्ण सरावाची परवानगी मिळाल्यावर, मान सगळीकडे न दुखता वळत असेल तर, आणि सुरुवात पुन्हा हनुवटीपासून.