मणक्याला मार लागून आठ महिने झालेत, स्टेम सेल उपचारासाठी शेत विकावं का?

निपाणीजवळच्या खेड्यातून तुम्ही विचारलंय. चोवीस वर्षांचा भाऊ स्लॅबवरून पडला, डी-10 ला (पाठीच्या दहाव्या मणक्याला) इजा, कमरेखाली काहीच कळत नाही. एका मोठ्या शहरातल्या दवाखान्याने स्टेम सेलच्या, म्हणजे इतर पेशी तयार करू शकणाऱ्या मूळ पेशींच्या, तीन सिटिंगचे साडेचार लाख सांगितलेत आणि घरात अर्धा एकर विकायचं चाललंय.

ताई, शेत विकू नका. आमच्या घरात हे होऊन गेलंय, म्हणून इतकं थेट सांगते.

आमचं गाव खानापूर तालुक्यात. धाकटा भाऊ परड्यातल्या फणसावरून पडला. बेळगावात ऑपरेशन झालं, रॉड-स्क्रू बसले, पण पायांत जीव आला नाही. सात महिन्यांनी कुणीतरी मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. आईच्या पाटल्या सोसायटीत ठेवून आम्ही दोन लाख ऐंशी हजार उभे केले. कमरेच्या हाडातून बोनमॅरो काढला, त्यातल्या पेशी त्याच दिवशी पाठीतून सोडल्या, तिसऱ्या दिवशी घरी.

महिन्याभराने आई त्याच्या पायावरची चादर ओढत होती आणि उजव्या पायाचा अंगठा टचकन वर उठला. आई रडायलाच लागली. आप्पांनी नारळ फोडला. भाऊ मात्र गप्प. रात्री मला म्हणाला, "आक्का, ते मी नाही हलवलं. आपोआप हललं." दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपीवाल्या सरांनी चादर पुन्हा ओढली, अंगठा उठला. मग म्हणाले, "आता तू हलव." त्याने दात आवळून जोर लावला, कपाळावर घाम आला, अंगठा जागचा हलला नाही. मेंदूचा निरोप खाली पोचत नसला तरी इजेच्या खालचा मज्जारज्जू जिवंत असतो, आणि स्पर्श झाला की तो स्वतःच स्नायूला झटका देतो. इंजेक्शन घेतलं नसतं तरी हे झालंच असतं. असे झटके दाखवून कुणी "फरक पडला" म्हणालं तर एवढंच विचारा: सांगितल्यावर हलतो का?

स्टेम सेलचं संशोधन खोटं नाही. जपानच्या केओ विद्यापीठाने चार रुग्णांच्या मज्जारज्जूत आयपीएस पेशींपासून (साध्या पेशी प्रयोगशाळेत बदलून केलेल्या स्टेम सेलपासून) बनवलेल्या पेशी सोडल्या, प्रत्येकाला सुमारे 20 लाख. 2025 च्या मार्चमध्ये त्यांनी सांगितलं की एक जण आधाराशिवाय उभा राहू शकला, दुसऱ्याच्या हातापायांत काही हालचाल आली, उरलेल्या दोघांत फारसा फरक नाही. पण त्या पेशी मार लागल्यावर दोन ते चार आठवड्यांच्या आत दिल्या होत्या. तुमच्या भावाला आठ महिने झालेत. अमेरिकेत मेयो क्लिनिकने 2024 मध्ये 10 जणांचे निष्कर्ष छापले. त्यांत रुग्णाच्याच चरबीतल्या पेशी वापरल्या होत्या आणि सात जणांची श्रेणी, म्हणजे हालचाल आणि जाणीव किती उरली याचं माप, निदान एका पायरीने वर गेली. मात्र ती चाचणी उपचार सुरक्षित आहे का हे बघण्यासाठी होती, आणि तुलनेसाठी पेशी न दिलेला गट नव्हता. तो गट का लागतो? कारण पहिल्या वर्षात काही जणांना काहीही न देता थोडं-फार परत येतं. ते पेशींनी आलं की आपसूक, हे तुलनेशिवाय कसं कळणार?

आपल्याकडे आयसीएमआरच्या (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिलंय: रक्ताच्या आजारांसाठीचं बोनमॅरो ट्रान्सप्लांट वगळता स्टेम सेलचा वापर मंजुरी असलेल्या क्लिनिकल ट्रायलमध्येच (रुग्णांवरच्या चाचणीतच) करायचा. म्हणून त्या दवाखान्याला ट्रायलचा सीटीआरआय (देशातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा आणि तिच्या वेबसाइटवर स्वतः बघा. ट्रायल असेल तर पेशींचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. साडेचार लाख मागितले, तिथेच उत्तर आलं.

आमचं खरं नुकसान पैशांचं नव्हतंच. जाता-येता तो गाडीत तासन्‌तास एका जागी पडून होता. घरी आल्यावर माकडहाडापाशी रुपयाएवढा काळपट डाग दिसला. दुखत नव्हता म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. पंधरा दिवसांत तिथे बोट जाईल एवढी जखम झाली आणि भरायला पाच महिने लागले. तेवढे दिवस बसणं बंद, व्यायाम बंद.

म्हणून पैसे आधी इथे घाला: चांगली एअर गादी, मापाची व्हीलचेअर, खाली घालायची उशी. रात्रीसुद्धा दर दोन तासांनी कूस बदला. रोज आरसा धरून पाठ बघा. लघवीची नळी कायमची ठेवण्याऐवजी दर चार-सहा तासांनी घालून काढायची पद्धत जमेल का, हे डॉक्टरांना विचारा. ती त्याची त्याला शिकता येते. युडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) काढून घ्या. कन्नड कागदांची धास्ती वाटत असेल तर सोबत जाणकार माणूस न्या, पण ते राहू देऊ नका. आणि एकदा कोल्हापूरला हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड या अपंगांसाठीच्या संस्थेत जाऊन या, निपाणीहून जवळच आहे. ती संस्था उभी करणाऱ्या नसीमा हुरजूक स्वतः तरुणपणापासून व्हीलचेअरवर. माझ्या भावाने तिथे लोकांना खुर्चीतून पलंगावर आपापलं सरकताना बघितलं आणि परत येताना तो कितीतरी दिवसांनी गाडीत बोलत होता.

आता तो गावच्या दूध डेअरीत सकाळ-संध्याकाळ फॅटचं मशीन सांभाळतो. पाय हलत नाहीत.

भावाला सध्या लघवीची नळी आहे का, पाठीवर कुठे लाल डाग आहे का आणि तो आधाराशिवाय किती वेळ बसतो, एवढं लिहा. डाग असेल तर मात्र माझ्या उत्तराची वाट बघू नका, आजच डॉक्टरांना दाखवा.